मामांनी नॉमिनी लावलेलाच नाही, आता पीएफ आणि पेन्शन कुणाला मिळणार?

कातरवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. घरातल्या एका प्रश्नावर जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझे मामा नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होते. १९९६ साली लागले ते शेवटपर्यंत तिथेच. मध्यंतरी सेकंड शिफ्ट करून घरी आले आणि हार्ट अटॅकने गेले. वय ५१. मागे मामी, आजी (मामांची आई, तिचं सगळं मामांच्याच पगारावर), मोठी मुलगी २७ वर्षांची, लग्न होऊन संगमनेरला, मुलगा २६ चा, छोटी नोकरी करतो, आणि धाकटी १९ ची, बी.कॉम.ला आहे.

कंपनीत चौकशी केली तर कळलं की पीएफच्या पोर्टलवर नॉमिनीचा रकाना रिकामा आहे. जुन्या फाइलमध्ये कामाला लागतानाचा फॉर्म २ सापडला, त्यात नॉमिनी म्हणून मामांच्या धाकट्या भावाचं नाव आहे. तेव्हा मामांचं लग्न झालेलं नव्हतं. एचआरचे म्हणणे, एकतर त्या भावाने क्लेम करावा, नाहीतर कोर्टातून वारस दाखला आणा, त्याशिवाय आम्ही सही करणार नाही. त्यातच एक एजंट घरी येऊन सांगून गेला की नॉमिनी नसेल तर पेन्शन सरकारजमा होते, पण मी काढून देतो, अमुक टक्के द्या. मामी घाबरली आहे. धाकटे मामा बिचारे म्हणतात, मला एक पैसा नको, सांगाल तिथे सही करतो.

खरंच पेन्शन बुडते का? कोर्टात जावंच लागेल का?

हिशोबनीस

ताई, आधी मामीला सांगा की पेन्शन बुडत नाही. त्या एजंटला दारातूनच परत पाठवा. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी नोकरीची सगळी वर्षं काढली, पीएफचे कागद हेच माझं काम होतं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या एचआरने सगळे पैसे एकाच गाठोड्यात बांधले आहेत. खरं तर कामगार गेल्यावर चार वेगवेगळ्या ठिकाणांहून पैसे येतात: पेन्शन, पीएफची शिल्लक, पीएफला जोडलेला विमा आणि ग्रॅच्युइटी. चारही ठिकाणी नॉमिनी नसण्याचा अर्थ वेगळा आहे.

पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, जी १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. मालकाच्या १२ टक्के हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात, तेही जास्तीत जास्त १५,००० पगारावर, म्हणजे महिना १,२५० रुपये. या योजनेत बायको हयात असेल तर नॉमिनीचा प्रश्नच येत नाही. नियमच सांगतो की विधवेला मरेपर्यंत किंवा तिने पुन्हा लग्न करेपर्यंत पेन्शन. तिच्या जोडीला एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत. तुमच्या घरी मामीला पेन्शन आणि धाकटीला २५ टक्के, ती २५ ची होईपर्यंत. मोठी मुलगी आणि मुलगा दोघंही २५ च्या पुढे, त्यांना नाही. आजींनाही यात नाही, कारण पेन्शन योजनेच्या ‘कुटुंबा’त नवरा-बायको आणि मुलंच येतात, आईवडील येत नाहीत. हा भाग मला कधीच पटला नाही, पण नियम तसा आहे.

आता पीएफ. १९५२ च्या योजनेतला परिच्छेद ७० वाचा, सगळं उत्तर तिथे आहे. नॉमिनी नसेल तर शिल्लक ‘कुटुंबातल्या’ माणसांना समान हिश्श्याने. आणि पीएफच्या कुटुंबात अवलंबून असलेले आईवडील येतात, पेन्शनपेक्षा ही व्याख्या मोठी आहे. पण सज्ञान मुलगा आणि जिचा नवरा हयात आहे अशी विवाहित मुलगी यांना वाटा नाही, घरात दुसरं कुणी पात्र असेल तोपर्यंत. म्हणजे मामी, आजी आणि धाकटी, तीन समान हिस्से. कोर्टाचा दाखला कधी? तर असं कुटुंबच मागे नसेल तेव्हा. मग ‘कायद्याने हक्कदार’ कोण ते ठरवावं लागतं.

राहिला तो जुना फॉर्म २. तो आज कागद म्हणून ठेवण्याच्याच लायकीचा आहे. परिच्छेद ६१ प्रमाणे लग्न झालं की लग्नाआधीचं नामनिर्देशन आपोआप रद्द. शिवाय भाऊ पीएफच्या कुटुंबात बसतच नाही. अविवाहित माणसाला कुटुंब नसतं तेव्हा तो कुणाचंही नाव लावू शकतो, पण कुटुंब झाल्यावर बाहेरच्याचं नाव टिकत नाही. त्यामुळे धाकट्या मामांनी क्लेम करायची गरज नाही. एचआरला लेखी विचारा: कोणत्या परिच्छेदाखाली तुम्ही वारस दाखला मागता? बहुतेक वेळा या एका प्रश्नावर सही होते.

नीरक्षीर

हिशोबनीस यांनी नेमकं लिहिलं आहे. वकिलीच्या बाजूने दोन गोष्टी जोडते.

नॉमिनी असला तरी तोच मालक होतो असं नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. लग्नाआधी आईला नॉमिनी केलेल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, शिप्रा सेनगुप्ता विरुद्ध मृदुल सेनगुप्ता, निकाल २००९ चा. न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण ती वाटली जाते वारसा कायद्याप्रमाणे. त्यामुळे कुणी ‘फॉर्मवर माझं नाव आहे’ म्हणून सगळं घेऊन बसला तर बाकीच्यांचा हक्क संपत नाही.

दुसरं, हिंदू वारसा कायद्यात पुरुष गेल्यावर पहिल्या वर्गात पत्नी, आई, मुलगे, मुली हे सगळे येतात. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. अनेक घरांत याच्या नेमकं उलट धरून चालतात. मामांच्या बाबतीत आजीचा हक्क मामीइतकाच, तो कुणी तिच्या म्हातारपणाकडे बघून बाजूला सारू नये. आजीच्या नावाचं वेगळं बँक खातं उघडा.

कातरवेळ

दोघांचेही मनापासून आभार. मामीला फोनवर वाचून दाखवलं, तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल. विमा आणि ग्रॅच्युइटीबद्दलही सांगाल का? विमा काय असतो हे कुणी कधी बोललंच नव्हतं.

हिशोबनीस

विम्याबद्दल कुणी बोलत नाही हे मी नोकरीत सतत पाहिलं. मालक दर महिन्याला भरतो, कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, म्हणून पगाराच्या पावतीवर दिसत नाही आणि घरच्यांना माहीत नसतो. योजना १९७६ ची आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पैसे मिळतात. ठोकळ हिशोब असा: शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, कमाल १५,००० धरून, त्याच्या ३५ पट, म्हणजे ५,२५,०००, त्यात पीएफच्या सरासरी शिलकेच्या निम्मे, कमाल १,७५,०००. एकूण कमाल ७ लाख. तीस वर्षांच्या जवळपास नोकरी आणि शिल्लक चांगली असेल तर मामांच्या घरी ही पूर्ण रक्कम येऊ शकते. नॉमिनी नसेल तर इथेही पीएफसारखाच नियम, तेच तीन हिस्से.

ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. ती मालक देतो आणि नॉमिनी नसेल तर ती वारसांना जाते. म्हणजे इथे मुलगा आणि विवाहित मुलगीही हक्कदार. माझा अंदाज, तुमच्या एचआरच्या डोक्यात ग्रॅच्युइटीचाच नियम आहे आणि तो त्यांनी पीएफ-पेन्शनवरही लादला. ग्रॅच्युइटीसाठी सगळ्या वारसांनी एकत्र अर्ज करा. कंपनी समंजस असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं, नाहीतर त्या एका रकमेपुरता दाखला काढावा लागेल. त्यासाठी पीएफ आणि पेन्शन अडवून ठेवण्याचं काही कारण नाही. आणि हो, मृत्यू झाला असेल तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. तुम्हाला गरज नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला पडेल.

पाणंद

हा धागा वाचून लिहायचं धाडस करतोय. माझा धाकटा भाऊ चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. अविवाहित. कामावर लागून वर्षही झालं नव्हतं आणि अपघातात गेला. रस्त्यावरचा अपघात, कंपनीतला नाही. नॉमिनी कुणीच नाही. घरी आईवडील, शेती कोरडवाहू, तोच पैसे पाठवायचा. कंत्राटदार म्हणाला दहा वर्षं झाली नाहीत, पेन्शनचा प्रश्नच येत नाही. आम्ही ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. काही करता येईल का?

हिशोबनीस

पाणंद दादा, सोडू नका. कंत्राटदाराने चुकीचं सांगितलं.

दहा वर्षांची अट आहे ती कामगाराला स्वतःला म्हातारपणी पेन्शन मिळण्यासाठी. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. हे एक वाक्य कारखान्यांच्या नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावायला हवं, इतक्या घरांचं यामुळे नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

आता अविवाहित माणसाला बायको-मुलं नाहीत. अशा वेळी त्याने पेन्शनसाठी नॉमिनी लावला असेल तर विधवेच्या दराने पेन्शन त्या नॉमिनीला मिळते, तो आई असो, बहीण असो, कुणीही. नॉमिनीही नसेल तर अवलंबून असलेल्या वडिलांना, आणि वडील गेल्यावर आईला, तिच्या हयातीपर्यंत. तुमच्या वडिलांच्या नावाने फॉर्म १०डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरा. कमीत कमी १,००० रुपये महिना, ही किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. रक्कम लहान आहे, लाजिरवाणी लहान, पण कोरडवाहू शेतीच्या घरात दर महिन्याला ठरलेले हजार रुपये येणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

अविवाहित कामगारांना माझं कळकळीचं सांगणं: नॉमिनी लावण्याची खरी गरज तुम्हाला सर्वांत जास्त आहे. विवाहिताची पेन्शन नियमच सांभाळतो. तुमच्यावर जर एखादी अविवाहित बहीण अवलंबून असेल आणि आईवडील हयात नसतील, तर नॉमिनेशन नसताना तिला पेन्शनमधून काही मिळणार नाही. तुमच्या एका ई-साइनवर तिचं आयुष्यभराचं ठरतं.

रिंगणवाट

माझ्या थोरल्या दिरांची बायको पंधरा-सोळा वर्षांपासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही. दीर आमच्याकडेच असतात, त्यांचं सगळं आम्ही बघतो. त्यांनी नॉमिनीत माझ्या मुलाचं नाव लावलं तर चालेल का?

नीरक्षीर

ताई, पीएफसाठी नाही चालणार. पुतण्या कुटुंबाच्या व्याख्येत नाही, आणि घटस्फोट झालेला नसल्यामुळे त्यांची पत्नी अजून कुटुंबात आहे. नुसतं वेगळं राहिल्याने तिचा हक्क जात नाही. तिने पोटगीचा हक्क गमावला आहे असं कायद्याने सिद्ध झालं तरच गोष्ट वेगळी. दिरांनी पुतण्याचं नाव लावलं तर उद्या ते नामनिर्देशन रद्द ठरेल, आणि विधवा पेन्शनही पत्नीलाच जाईल.

तुमच्या कष्टांची जाणीव आहे, पण बाजू तिचीही असेल. दिरांना तुमच्यासाठी काही ठेवायचं असेल तर बँकेतली ठेव, घर, दागिने याबद्दल मृत्युपत्र करता येतं. पीएफ आणि पेन्शन या रकमा कुटुंबासाठी राखलेल्या आहेत, म्हणूनच त्यांचे नियम इतके घट्ट.

गिरणगावची

माझ्या आजोबांची आठवण झाली. परळच्या गिरणीत होते, १९८२ चा संप, मग गिरणी बंद. आजीला फॅमिली पेन्शन मिळायची ती १९७१ च्या योजनेतली, नंतर ती १९९५ च्या योजनेत विलीन झाली. चाळीतल्या कितीतरी बायकांनी तेव्हा अर्जच केला नाही, कारण ‘फॉर्मवर नाव नाही’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आजी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जायची, तेव्हा त्या बायका तिला विचारायच्या, तुला कसं मिळतं. ती सांगायची, मी लग्नाची बायको म्हणून अर्ज केला. इतकंच.

खडूफळा

आम्हा शिक्षकांचं काय? माझी नियुक्ती १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). तिथे नॉमिनी नसेल तर?

हिशोबनीस

एनपीएस माझा प्रांत नाही, जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच सांगतो. तिथे नॉमिनी नोंदलेला नसेल तर तुमच्या कार्यालयाकडे इतर लाभांसाठी, म्हणजे ग्रॅच्युइटी वगैरेसाठी जे नाव दिलेलं असेल तेच एनपीएसचं नामनिर्देशन मानतात. तेही नसेल तर मात्र वारसा प्रमाणपत्रावर जावं लागतं. म्हणजे इथे नॉमिनी नसण्याची किंमत पीएफवाल्यांपेक्षा मोठी आहे. तुमच्या सेवापुस्तकातलं नामनिर्देशन आजच बघा, लग्नाआधीचं असेल तर बदला.

खडूफळा

बघितलं. आईचं आहे, लग्नाआधीचं. सोमवारीच मुख्याध्यापकांकडे अर्ज देतो.

कातरवेळ

बऱ्याच दिवसांनी अपडेट देते आहे. एचआरला ‘कोणत्या परिच्छेदाखाली’ असं लेखी विचारलं. उत्तर आलं नाही, पण सही आली. ई-नॉमिनेशन नसल्यामुळे ऑनलाइन क्लेम होत नव्हता, म्हणून मृत्यूसाठीचा एकत्रित फॉर्म कागदावर भरला, हयात कुटुंबीयांचा दाखला, मृत्यू दाखला, तिघींच्या पासबुकच्या प्रती जोडल्या. पीएफ आणि विम्याचे पैसे मामी, आजी आणि धाकटी यांच्या खात्यांवर जमा झाले. आजीने पासबुक स्वतःच्या पिशवीत ठेवलंय, कुणाला देत नाही.

पेन्शन मात्र अडकली. धाकटीच्या आधारवर मधलं नाव ‘सुरेश’ आहे आणि मामांच्या पीएफ खात्यावर त्यांचं नाव ‘सुरेशराव’. पत्र आलंय की वडिलांचं नाव जुळत नाही. मामीची पेन्शनही त्यामुळे थांबली आहे का? आणि फॉर्म भरताना मुलाचं नाव लिहावं की नाही हेही कळेना, तो म्हणतो माझं नाव नको, आईचं लांबेल.

हिशोबनीस

वा, तीन खाती झाली हे फार छान झालं.

नावाचं असं करा. बदल मामांच्या पीएफ नोंदीत करायचा, धाकटीच्या आधारमध्ये नाही, कारण तिच्या शाळा-कॉलेजचे सगळे कागद ‘सुरेश’ असेच असतील. कामगार हयात नसेल तर संयुक्त घोषणापत्र, म्हणजे नोंद दुरुस्तीचा अर्ज, कुटुंबीयांच्या सहीने देता येतं. मामीच्या सहीने, कंपनीच्या शिक्क्याने, जोडीला मामांचं आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला. कंपनी पुन्हा टाळाटाळ करू लागली तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’चा कॅम्प असतो तिथे मामींना घेऊन जा. सोबत फाइलची एक पूर्ण प्रत ठेवा आणि जमा केलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

मुलाचं नाव लिहा. १०डी मध्ये कुटुंबातली सगळी माणसं वयासकट लिहायची असतात, हिस्सा नसला तरी. नाव गाळलं तर लांबतं, लिहिल्याने नाही. मोठ्या मुलीचंही लिहा, विवाहित म्हणून.

आणि पेन्शन किती बसेल त्याचा अंदाज घरी आधीच द्या, म्हणजे आदेश आल्यावर धक्का बसणार नाही. साधारण सूत्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, पण पगार १५,००० च्या वर धरत नाहीत आणि १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना मर्यादा ६,५०० ची होती. तीस वर्षं राबलेल्या माणसाच्या मागे एवढंच कसं, असं मामी विचारतील. मलाही हा प्रश्न शेकडो बायकांनी विचारला आहे. रक्कम कमी आहे म्हणून अर्ज टाळू नका, कारण ती मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी धरून मिळते.

पाणंद

वडिलांचा १०डी भरला. कंत्राटदार सही द्यायला तयार नाही, कंपनी म्हणते तो आमचा माणूस नव्हता. आता?

हिशोबनीस

मालकाची सही मिळत नसेल तर गावच्या सरपंचांची, पोस्टमास्तरांची, बँक मॅनेजरची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते. वेगळ्या कागदावर लिहा की मालकाकडे अमुक तारखेला गेलो आणि त्याने नकार दिला. भावाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे का तुमच्याकडे? पगाराच्या पावतीवर किंवा त्याच्या फोनमधल्या जुन्या मेसेजमध्ये सापडेल. त्याच्या खात्यावर एका महिन्याची तरी वर्गणी जमा झालेली दिसली की पुढचं काम मी सांगतो तसं करा, निरोप पाठवा.